खुलं पत्र: ‘सगळ्याचा माग ठेवणं शक्य नाही’ असं लिहून मोकळं झालेल्या प्रतिनिधींना

प्रति,
जैवविविधता करार आणि नागोया प्रोटोकॉलच्या सदस्य देशांचे सन्माननीय प्रतिनिधी,

नमस्कार.

मी कुठल्याही शिष्टमंडळात नाही, संस्थेची पदाधिकारीही नाही. मी एक मायक्रोबियल कल्चर कलेक्शन सांभाळते, म्हणजे माती, चिखल, पाणी, झाडाची साल असल्या गोष्टींतून वेगळे केलेले बॅक्टेरिया आणि बुरशा सुकवून, काचेच्या अँपूलमध्ये सील करून, त्यावर नंबर टाकून जपून ठेवायचं काम. कुणी मागितलं तर कागदपत्रं बघून पाठवायचं. कंटाळवाणं काम आहे असं लोक म्हणतात आणि ते फारसं चुकीचंही नाही, पण तुमच्या ठरावांमधला ‘जनुकीय संसाधन’ हा जो भारदस्त शब्द आहे ना, तो प्रत्यक्षात माझ्या फ्रीजच्या तिसऱ्या कप्प्यात पडलेला असतो, म्हणून म्हटलं एकदा लिहावंच.

तुमच्या या करारांचा एक हेतू असा, की कुठल्या जंतू-वनस्पतींपासून फायदा झाला तर त्याचा वाटा त्या जिथून आल्या तिथल्यांनाही मिळावा, आणि त्यासाठी नमुना कुठून आला याचा माग लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला तुम्ही ठराव १५/९ मंजूर केलात. डिजिटल सिक्वेन्स इन्फर्मेशनबद्दलचा, म्हणजे सजीवांचा डीएनए वाचून कॉम्प्युटरवर ठेवलेला त्याचा क्रम (सिक्वेन्स), ज्याला सगळे डीएसआय म्हणतात. त्यात एक वाक्य आहे, की सगळ्या डीएसआयचा माग ठेवणं व्यवहार्य नाही हे आम्ही मान्य करतो. एवढंच. या वाक्याशी माझं भांडण नाही, कारण ते खरंच आहे, जगातल्या प्रत्येक सिक्वेन्सच्या प्रत्येक डाउनलोडमागे कोण धावणार. माझं भांडण त्या वाक्याचं पुढे जे झालं त्याच्याशी आहे. ‘सगळ्या’ हा शब्द हळूच गळून पडला. आता कुठल्याही मीटिंगमध्ये, वेबिनारमध्ये, परवान्याच्या अर्जावर चर्चा करताना मला ऐकवलं जातं की माग ठेवणं शक्यच नाही असं सीओपीनेच, म्हणजे तुमच्या सदस्य देशांच्या बैठकीनेच, म्हटलंय. सगळ्याचा नाही म्हणजे कशाचाच नाही, असा अर्थ लोकांनी लावून घेतला, आणि तुमच्यापैकी कुणी उठून ‘अहो तसं नाही’ असं म्हटल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

माझा यात काय संबंध ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका झऱ्याकाठचा चिखल गोळा करायला गेलो होतो. ती जागा तिथल्या लोकांची, त्यांचीच देखभाल, त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या तिथं काही बांधू दिलं नव्हतं, घाण करू दिली नव्हती. आम्ही रीतसर परवानगी घेतली, सरकारी पण आणि गावची पण. सही करताना एका वयस्कर बाईंनी विचारलं, या चिखलाचं तुम्ही करणार काय? मी म्हटलं यातले जंतू बघणार, कदाचित काही उपयोगी निघेल, निघालं तर तुम्हाला कळवू. त्या म्हणाल्या, कळवा हं. बस, एवढंच बोलणं झालं.

त्यातून एक चांगला स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचा एक वेगळा वाण, निघाला. उष्णता सहन करणारा, एक एन्झाइम भरपूर बनवणारा. तो आम्ही एका लॅबला दिला, करारात स्पष्ट लिहिलं होतं की फक्त संशोधनासाठी, धंद्यासाठी नाही, पुढे कुणाला द्यायचा तर आम्हाला विचारून. त्या लॅबमधला विद्यार्थी नोकरी बदलून दुसरीकडे गेला, जाताना कल्चर घेऊन गेला (सगळेच नेतात, यात चोरी केल्याची भावनाही नसते कुणाची), तिथं त्याला नवीन नंबर मिळाला, तिथल्या कुणीतरी जीनोम सिक्वेन्स केला आणि डेटाबेसमध्ये टाकला. ती नोंद मला फार उशिरा आणि योगायोगाने सापडली. देशाच्या रकान्यात ‘मिसिंग’ होतं. आणि त्यानंतर एका पेटंट अर्जात एक एन्झाइम दिसलं ज्याचा सिक्वेन्स आमच्या स्ट्रेनमधल्या जीनशी खूपसा जुळत होता, पूर्ण नाही, दोन-चार ठिकाणी बदल केलेला. आता तो आमच्यातूनच घेतलाय असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कुठल्या कंपनीचं नावही घेणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. तोच तर माझा मुद्दा आहे. पुरावा नाही कारण मधल्या चार हातांपैकी एकानेही मूळ नंबर पुढे नेला नाही, आणि नेला नाही म्हणून कुणाला जाब द्यावा लागला नाही. त्या बाईंना मी काय कळवू?

आता माझ्या तक्रारी. क्रम महत्त्वाचा नाही, जसं आठवतंय तसं लिहितेय.

पहिली गोष्ट, माग कुठे तुटतो हे सगळ्यांना माहीत आहे. माग हवेत विरत नाही, ठरलेल्या सांध्यांवर तुटतो. एका कलेक्शनमधून दुसऱ्या कलेक्शनमध्ये जाताना नवीन नंबर पडतो. आमच्या क्षेत्रात एकाच बॅक्टेरियाला पाच-सहा नंबर असणं नेहमीचं आहे, प्रत्येक कलेक्शनचा आपला वेगळा, आणि कुठला नंबर कशाच्या बरोबरीचा हे जुळवत बसणं हा आमच्या कामाचा एक अख्खा भाग आहे. दुसरा सांधा म्हणजे नमुन्याचा सिक्वेन्स होतो तो क्षण. तिसरा, सिक्वेन्सवरून पेटंट अर्ज होतो तो. चौथा, पेटंटचं प्रॉडक्ट बाजारात येतं तो. एवढ्या चारच ठिकाणी पहारा लागतो, दर पावलावर शिपाई उभा करा असं कुणीही म्हटलेलं नाही.

नागोया प्रोटोकॉल २०१० मध्ये झाला, १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमात हे सगळं लिहिलेलंच आहे हो! वापर होतोय त्या देशाने किमान एक चेकपॉइंट, म्हणजे तपासणी करणारं कार्यालय, नेमायचा, आंतरराष्ट्रीय मान्यतेचं अनुपालन प्रमाणपत्र (नमुना रीतसर परवानगीने घेतल्याचा दाखला) असेल, त्यावर युनिक नंबर असेल, कुणी दिलं, कुणाला दिलं, कशासाठी दिलं, धंद्यासाठी की संशोधनासाठी, सगळं. ही प्रमाणपत्रं निघतायत, हजारोंनी निघाली आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या भारताने दिलेली. म्हणजे देणाऱ्याने आपलं काम केलं. पण दुसऱ्या टोकाला, जिथं वापर होतो तिथल्या चेकपॉइंटवरून ‘अमुक नंबरचं प्रमाणपत्र आमच्याकडे तपासलं, त्याचा असा वापर झाला’ असं परत कळवणारे निरोप त्या मानाने फार थोडे. पत्र टाकत राहायचं आणि उत्तर कधी येतच नाही अशातली गत. युरोपीय संघाने २०१४ च्या नियमात वापरकर्त्याने कागदपत्रं वापर संपल्यावर २० वर्षं जपून ठेवायची असं सांगितलंय, चांगलंच आहे, पण ती कागदपत्रं त्यांच्या कपाटात राहून आमच्या काय कामाची.

डेटाबेसबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण खरी गळती तिथं आहे. जगातले सार्वजनिक सिक्वेन्स मुख्यतः अमेरिका, युरोप आणि जपान इथल्या तीन डेटाबेसच्या एका जोडणीत असतात, रोज एकमेकांशी डेटा बदलतात. ही उत्तम गोष्ट आहे, मी स्वतः रोज वापरते, ते बंद करा किंवा कुलूप लावा असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांनी २०२३ पासून नवीन नमुन्यांसाठी देश आणि गोळा केल्याची तारीख देणं बंधनकारक केलं, हेही चांगलं. पण त्यातही सवलतींची यादी आहे, ‘मिसिंग: लॅब स्टॉक’ हा एक पर्याय आहे, म्हणजे आमच्या फ्रीजमध्येच होता बुवा, कुठून आला ते विचारू नका. काही वेळा ते खरंच असतं, जुने स्ट्रेन असतात ज्यांचं मूळ आता कुणालाच माहीत नाही. पण ज्याच्यासोबत परवाना आहे, करार आहे, नंबर आहे त्याला तो नंबर टाकायला कोण भाग पाडतं? कुणीच नाही. परवान्याचा नंबर देणं बंधनकारकच नाही. देशाचं नाव आलं तरी त्याने झऱ्याकाठचं गाव कळत नाही आणि कुठल्या अटीवर चिखल दिला होता हेही कळत नाही.

मग तुम्ही म्हणता की म्हणूनच आम्ही कॅली फंड काढला, आता माग ठेवायची गरजच नाही. २०२४ मध्ये कोलंबियातल्या कॅलीला ठरलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये रोममध्ये फंड सुरू झाला. औषधं, सौंदर्यप्रसाधनं, बियाणं, बायोटेक अशा क्षेत्रांतल्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का भरावा, आणि त्यातला किमान निम्मा आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या गरजांसाठी जावा. कल्पना मला आवडली, खरंच आवडली, सगळ्यांनी एका हंड्यात टाकायचं आणि तिथून वाटायचं, एकेका सिक्वेन्सवरून वकील लावण्यापेक्षा बरं. पण ‘भरावा’. भरलाच पाहिजे असं नाही. आणि ज्या कंपनीला भरायचं नाही ती काय म्हणेल? आम्ही डीएसआय वापरतो असं सिद्ध करा. ते सिद्ध कशाने करायचं? माग ठेवून. जो तुम्हीच ‘व्यवहार्य नाही’ म्हणून सोडून दिलात. माग सोडला आणि सक्तीही सोडली, मग उरलं काय, दानपेटी? लाभवाटप हा करारातला हक्क होता, १९९२ च्या मूळ करारातल्या तीन उद्दिष्टांपैकी एक. त्याची दानपेटी झाली तर आवळा देऊन कोहळा काढल्यासारखंच झालं की, आणि आवळाही ऐच्छिक.

आता सगळ्यात जास्त जे टोचतं ते. माँट्रियलला ‘व्यवहार्य नाही’ लिहिल्यावर सहाच महिन्यांनी, १९ जून २०२३ ला, याच जगातल्या देशांनी देशांच्या हद्दीपलीकडच्या समुद्रासाठी बीबीएनजे करार मंजूर केला, जो १७ जानेवारी २०२६ पासून लागूही झाला. कुठल्याही देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रातून जनुकीय नमुने काढायचे तर आधी कळवायचं, मग एक बॅच नंबर आपोआप मिळतो, आणि तो बॅच नंबर पुढे नमुन्यासोबत, सिक्वेन्ससोबत, पेपर छापला, पेटंट मिळालं, प्रॉडक्ट आलं तर त्या माहितीसोबत कळवायचा. सिक्वेन्सचा पण! म्हणजे जिथं माणूस राहत नाही, जिथलं पाणी कुणाच्याच मालकीचं नाही, तिथल्या जंतूंचा माग ठेवता येतो, आणि जिथं माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काहीतरी राखलंय तिथल्या जंतूंचा मात्र ठेवता येत नाही. हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा, मी मोकळ्या मनाने ऐकेन.

आणि हे एकच उदाहरण नाही. इंडोनेशियाने २००७ च्या सुमारास बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या नेटवर्कला देणं थांबवलं होतं, कारण त्यांच्याच विषाणूवरून बाहेर लस बनतेय आणि ती आपल्यालाच परवडणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. केवढी आरडाओरड झाली तेव्हा. पण त्यातूनच २०११ मध्ये पीआयपी फ्रेमवर्क, म्हणजे फ्लूचे विषाणू आणि त्यांच्यापासूनचे फायदे वाटून घ्यायची चौकट, आलं, विषाणूचा नमुना कुठल्या लॅबमधून कुठे गेला हे बघायची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालू आहे, लस-औषधं-टेस्ट बनवणाऱ्या कंपन्या दरवर्षी आपला वाटा भरतात. पिकांच्या आंतरराष्ट्रीय करारातही बियाण्याच्या नमुन्यांना कायमचा ओळख नंबर, डीओआय, देतात, संशोधनाच्या पेपरला असतो तसाच. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची कधीच नव्हती, जिथं गरज श्रीमंतांना वाटली किंवा कुणीतरी नळ बंद केला तिथं यंत्रणा उभी राहिली.

हे लिहिताना एक गोष्ट कबूल करायला हवी नाहीतर माझे सहकारीच मला धरतील. नुसता माग ठेवून न्याय मिळत नाही. टॅक पॉलिमरेज घ्या, पीसीआर टेस्ट ज्याच्यावर चालते ते एन्झाइम. तो बॅक्टेरिया यलोस्टोनच्या गरम झऱ्यातला, थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याने १९६६ मध्ये मिळवलेला, माझ्यासारख्याच एका कलेक्शनमध्ये ठेवलेला, कुठला, कुणी आणला, सगळं पक्कं लिहिलेलं. पीसीआरचे हक्क १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरला विकले गेले आणि यलोस्टोनला काही मिळालं नाही, कारण तेव्हा करारच नव्हता. तेव्हा नोंद होती, करार नव्हता. आज आमच्या झऱ्याचा करार माझ्या कपाटात आहे आणि नोंदच मधल्यामधे गहाळ आहे.

आणि नाव गळलं की माणसंही गळतात. हूडियाची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, सान लोक भूक मारायला चघळायचे ती वनस्पती, दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात पेटंट घेतलं, एका ब्रिटिश कंपनीला हक्क दिले, आणि २००१ मध्ये वर्तमानपत्रांत आलं की कंपनीच्या मंडळींना वाटत होतं ती माणसं आता उरलीच नाहीत. होती ना, चांगली लाखभर होती! २००३ मध्ये मग लाभवाटपाचा करार झाला. पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी आवाज उठवला म्हणून झाला, फाइलमध्ये कुठेतरी ‘सान’ असं लिहिलेलं होतं म्हणून नाही.

पेटंटबाबत मे २०२४ मध्ये जिनिव्हाला डब्ल्यूआयपीओचा, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, करार झाला, अर्जात मूळ देश किंवा स्रोत सांगायचा. पंचवीस वर्षांच्या घासाघाशीनंतर. १५ देशांनी मान्यता दिल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि त्यातही फसवणुकीचा हेतू नसेल तर नुसती माहिती दिली नाही म्हणून पेटंट रद्द करता येत नाही. सिक्वेन्सबद्दल तर त्यात स्पष्ट बंधन नाहीच. जाऊदे, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

माझ्याच बाजूच्या लोकांच्या चुकाही आहेत. काही देशांत परवाना मिळायला इतका वेळ लागतो की संशोधकाची फेलोशिप संपते, आणि मग तो दुसऱ्या देशातला नमुना घेतो किंवा सरळ ‘मिसिंग’ लिहून मोकळा होतो. छोट्या लॅबला फॉर्म भरायला माणूस नसतो. माझ्याकडेच नाही, मीच संध्याकाळी बसून भरते. त्यामुळे माग ठेवा म्हणजे अजून दहा फॉर्म वाढवा असं कृपा करून करू नका, ते केलंत तर आम्ही सगळेच खोटं लिहायला शिकू.

तर मागण्या. सोप्या आहेत, बऱ्याचशा तुमच्याच कागदांत आधीपासून आहेत.

ज्या नमुन्याला प्रमाणपत्र आहे त्याचा नंबर नमुना हलेल तिथं सोबत हलला पाहिजे. नवीन नंबर द्या हवा तर, पण जुना खोडू नका. कलेक्शन, लॅब, विद्यापीठ सगळ्यांना हा नियम लागू करा.

सिक्वेन्स जमा करताना त्या प्रमाणपत्राच्या नंबरसाठी रकाना द्या, आणि प्रमाणपत्र असेल तर तो भरणं सक्तीचं करा. नसेल तर ‘नाही’ एवढं लिहू द्या. एक रकाना, बाकी काही नको. डेटाबेस तुमच्या हाताखाली नाहीत हे मला माहीत आहे, पण त्यांना पैसे देणारी सरकारं कुणाची आहेत?

सगळ्याचा माग नको, पण जे सिक्वेन्स पेटंटच्या दाव्यात येतात आणि जे विकल्या जाणाऱ्या प्रॉडक्टमध्ये असतात, त्यांचं मूळ सांगणं बंधनकारक करा. पेटंट कार्यालयाला चेकपॉइंट नेमा. मोजके असतात हे, कोट्यवधी नाहीत.

वापरणाऱ्या देशांनी चेकपॉइंटचे निरोप दरवर्षी द्यायचे, शून्य असतील तर शून्य असं लिहून द्यायचे, सगळ्यांना दिसतील असे.

कॅली फंडात कोण भरतंय आणि त्या क्षेत्रांतल्या कोणत्या मोठ्या कंपन्या भरत नाहीत, दोन्ही याद्या जाहीर करा. आणि ‘भरावा’ चं ‘भरलाच पाहिजे’ कधी करणार त्याची तारीख सांगा.

ज्या समुदायाने परवानगी दिली त्यांना त्यांच्या भाषेत, ठराविक काळाने, कळवायची जबाबदारी नमुना घेणाऱ्यावर टाका. काही निघालं नाही तर ‘काही निघालं नाही’ हेही कळवायचं. यासाठी आणि छोट्या कलेक्शनच्या नोंदी नीट करण्यासाठी फंडातून पैसे ठेवा.

आणि शेवटचं, ऑक्टोबर २०२६ मध्ये आर्मेनियात येरेवानला पुढच्या सीओपीला बसाल तेव्हा ठरावात एक ओळ घाला, की ‘सगळ्या डीएसआयचा माग व्यवहार्य नाही’ याचा अर्थ ‘कुठल्याच डीएसआयचा माग ठेवायचा नाही’ असा होत नाही. मसुदा मी वर लिहिलाच आहे, तसाच्या तसा उचला, माझी हरकत नाही, नावही नको.

आमच्या रजिस्टरला सात रकाने होते, आठवा मी पेन्सिलने आखला, ‘पुढे काय झालं’. झऱ्याच्या ओळीत तो अजून कोरा आहे. त्या बाई आहेत अजून, मी चौकशी केली. येरेवानहून परत आलात की या मागण्यांपैकी कुठली घेतली आणि कुठली नाही, आणि का नाही, ते कळवा, मला त्यांना सांगायचंय.

आपली,
एका कल्चर कलेक्शनची रजिस्टरं सांभाळणारी